बकासुराचं पोट आणि साडेतीन लाखांचं पॅकेज

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. सर्जनचा हात चांगला आहे आणि मला अजून दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यायला तिथेच जायचं आहे. शहर इंदूर, पॅकेज वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं, एवढं पुरे.

आधी माझी ओळख, म्हणजे आकडे. वय ४८, उंची १६८ सेंटिमीटर. लोहामंडीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघतो, घर रामबागेत. ऑपरेशनच्या सकाळी काट्यावर १३८ किलो होतो, आज १७ महिन्यांनी ८९ आहे. ४९ किलो गेले, म्हणजे माझ्यातून माझा नववीतला भाचा अख्खाच्या अख्खा वजा झाला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४९ होता, तो साडेएकतीसवर आला. आपल्याकडच्या तक्त्यात २५ च्या पुढे लठ्ठच धरतात, त्यामुळे कागदोपत्री मी अजूनही जाडाच आहे.

गडकरींनी २०११ मध्ये असं ऑपरेशन करून घेतलं तेव्हापासून ते आमच्या आईच्या डोक्यात होतं. "एवढा मोठा माणूस करून घेतो, तुला काय धाड भरली आहे?" असं ती दर दिवाळीला म्हणायची, माझ्या ताटात तिसरी करंजी वाढता वाढता. मला शुगर होती. झोपेत श्वास अडकायचा, त्याचं मशीन आणलं होतं, ते माळ्यावर पडलं होतं. शेवटी एका रात्री बायकोने माझा श्वास किती वेळ थांबतो ते मोबाइलवर मोजलं. २२ सेकंद. सकाळी तिनेच फोन करून नंबर लावला.

ऑपरेशनला माझ्याकडून पाचपैकी पाच. पोटावर पाच छोटी भोकं, दुर्बिणीतून काम, तिसऱ्या दिवशी घरी. स्लीव्ह म्हणतात त्या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूकच लागत नाही. आता इंदूरच्या माणसाला भूक नाही म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. सकाळी राजवाड्यावरून स्कूटर काढायचो, वाफेवरच्या पोह्यांचा नि त्यावरच्या जिरावण मसाल्याचा वास यायचा, आणि आतून काही म्हणजे काही हाक यायची नाही. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहायला आल्यासारखं वाटायचं.

तीन महिन्यांची शुगरची सरासरी ८.९ होती, ती ५.८ वर आली. गोळ्या बंद. घोरणं बंद, मशीन विकलं. विम्याच्या काउंटरवरची मुलगी फार हुशार. २०१९ च्या नियमावलीप्रमाणे बीएमआय ४० च्या वर असला, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असला, तर काही अटींवर हे ऑपरेशन विम्यात बसतं. तिने सगळे कागद बरोबर लावले, साडेतीन लाखांतले जेमतेम ४० हजार माझ्या खिशातून गेले. आहारतज्ज्ञ बाईंना चार तारे. पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग घट्ट. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. सगळं नीट समजावलं. एक तारा कापला कारण तक्त्यात ब्रोकोली होती आणि मटकीची उसळ नव्हती.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. मोरीच्या जाळीवर रोज झुपका. पण वजन झपाट्याने उतरलं की तीन ते सहा महिन्यांत केस गळतात आणि पुढे परत येतात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही. केसांबद्दल सांगितलं तसं बाकीचंही सांगायला हवं होतं, एवढीच माझी तक्रार आहे. आता तीच सविस्तर लिहितो.

पॅकेजच्या यादीत 'मानसिक मूल्यांकन' असा एक रकाना होता. ते झालं दहा मिनिटांत. दारू पिता का, डिप्रेशनच्या गोळ्या घेता का, घरच्यांची तयारी आहे का, इथे सही करा. ऑपरेशननंतर त्या खोलीचं तोंड मी पाहिलं नाही, कोणी बोलावलंही नाही. काटा मात्र दर भेटीला. अमेरिकेतल्या यूटा राज्याचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. वजनासाठी जठराचं बायपास (हृदयाचं नव्हे; यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) केलेले जवळजवळ आठ हजार लोक आणि तेवढेच न केलेले, सरासरी सात वर्षं. ऑपरेशनवाल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी निघाले, शुगरचे आणि हृदयाचे तर फारच कमी. पण अपघात, आत्महत्या असे आजाराबाहेरचे मृत्यू त्यांच्यात दीडपटीहून जास्त. माझं बायपास नाही, स्लीव्ह आहे, हे मान्य. तरी ज्या धंद्यात हा आकडा माहीत आहे, तिथे डोक्यासाठी दहा मिनिटं आणि तीही फक्त आधी, हे मला हिशेबनिसाला पटत नाही.

माझ्या डोक्याचं काय झालं ते एका खुर्चीवरून सांगतो.

जाड माणसं प्लास्टिकच्या खुर्चीवर तशीच बसत नाहीत. एकात एक दोन घालून बसतात. मी वीस वर्षं तसाच बसत आलो. आधी हाताने दाबून बघायचं, मागचे पाय फाकतात का ते बघायचं, दुसरी खुर्ची आत सरकवायची, मग हळूच टेकायचं आणि अर्धं वजन स्वतःच्या मांड्यांवर तोलून धरायचं. चांगली दहाव्या महिन्यातली गोष्ट, वजन ९७. साडूच्या मुलाची मुंज होती. पंगतीच्या आधी मी सवयीने दोन खुर्च्या एकात एक घातल्या, दाबल्या, बसलो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अरे, खुर्च्या कमी पडताहेत, तू दोन-दोन अडवून काय बसलास?" मी उठून एक काढून दिली. आणि उरलेल्या एका खुर्चीवर पूर्ण पंगत उठेपर्यंत मांड्यांवर तोल धरून बसलो. दुसऱ्या दिवशी पाय दुखत होते.

तसंच दारांचं. आमच्या गल्लीत दोन स्कूटरींच्या मधून बायको सरळ जाते, मी वळसा घालून. आमच्या नाटकमंडळाच्या हॉलमध्ये विंगेतून आत यायचा लाकडी दरवाजा अरुंद आहे, त्यातून मी आजही आडवा होऊन जातो, पोट आत घेऊन. आत घ्यायला पोट नाही. बसमध्ये दोन सीटांच्या बाकावर कोणी एकटं बसलेलं असलं की मी उभा राहतो, त्या माणसाला त्रास नको.

बरं, आरशात दिसणारा माणूस सडपातळ दिसत होता म्हणावं, तर तेही नाही. आरशात मला एक म्हातारा दिसायचा. गाल बसलेले, गळ्याखाली पिशवी. जाडेपणी चेहऱ्यावर सुरकुती नव्हती, ४७ चा असून चाळिशीचा दिसायचो. आईने दोन्ही हातांत चेहरा धरून विचारलं, "तुझे गाल कुठे गेले रे?" आणि रडायलाच लागली. पानवाला म्हणाला, "क्या भिया, तबीयत तो ठीक है ना?" ऑफिसात एकाने हळूच बाजूला घेऊन रिपोर्ट काय आला ते विचारलं, त्याच्या सासऱ्याचं असंच वजन उतरलं होतं म्हणे, आतड्याचा कॅन्सर. दुसरी तऱ्हा कौतुक करणाऱ्यांची. "वा, आता माणसात आलास!" म्हणजे आधी ४७ वर्षं मी कशात होतो?

हॉस्पिटलच्या लॉबीत 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो लावलेली भिंत आहे. वर्ष झाल्यावर माझाही नंबर लागला. जुनी पँट घेऊन या म्हणाले. ती घालून, कंबरेचा पट्टा हाताने पुढे ताणून, दात काढून उभं राहायचं, ठरलेली पोझ. मी उभा राहिलो. आनंद होता, खोटं का बोलू. पण त्या फोटोत शर्टाखाली काय होतं ते कोणाला दिसत नाही. पोटाची कातडी ओटीपोटावर लोंबते, ती मी गोळा करून पट्ट्याखाली खोचली होती. वीस वर्षं ताणलेली कातडी चरबी गेली म्हणून रबरासारखी आक्रसत नाही, निदान माझ्या वयात नाही. घडीत घाम साचतो, बुरशी येते, इंदूरच्या मे महिन्यात पावडरचा डबा बॅगेत ठेवावा लागतो. छाती तर विचारूच नका. बाईमाणसाला निदान डॉक्टरीणबाईंपाशी बोलता येतं, पुरुषाने हे कोणाला सांगायचं? मी गणपती विसर्जनाला नदीत, विहिरीत उड्या मारणारा माणूस. १३८ किलोचा असताना बिनधास्त शर्ट काढायचो, लोक हसायचे, मीही हसायचो. आता ८९ किलोवर बनियन काढत नाही, घरातसुद्धा.

ती कातडी काढायचं वेगळं ऑपरेशन असतं. वजन स्थिर होईपर्यंत, साधारण वर्ष-दीड वर्ष, थांबावं लागतं. आणि ते विम्यात बसत नाही, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेत धरतात. मला अडीच लाख सांगितले. हे पॅकेज घेतानाच कळलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, पण अडीच लाखांची तजवीज करायला दीड वर्षं मिळाली असती.

घरातलं फार लिहीत नाही. एवढंच, की सातव्या महिन्यात एका रात्री बायको अंधारात म्हणाली, "अहो, तुमच्या हाडाला हात लागतो. शेजारी दुसरंच कोणी झोपल्यासारखं वाटतं." ती हसत म्हणाली. मी कूस बदलली. दोन दिवसांनी तिनेच विजयनगरकडच्या एका मानसतज्ज्ञ बाईंचा नंबर आणला. श्वास मोजणारी बाईच ती.

या बाईंचे तासाला ८०० रुपये, आणि माझ्या सबंध प्रकरणातले हे सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे, टेलर सोडून. त्यांनी पहिल्याच दिवशी एक कागद पुढे ठेवला. त्यावर पुरुषांची नऊ रेखाचित्रं ओळीने, पहिला काडीसारखा, नववा अगदी गोल. १९८३ मध्ये अल्बर्ट स्टंकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चित्रं संशोधनात आणली, तेव्हापासून जगभर वापरतात. म्हणाल्या, "यातले तुम्ही कोण?" मी क्षणभरही न थांबता आठव्यावर बोट ठेवलं. "आणि दारातून आत आले ते गृहस्थ कोण?" मला कळेना. त्यांनी पेन्सिलीने पाचव्याला गोल केला.

मग त्यांनी सांगितलं ते हॉस्पिटलने सांगायला हवं होतं. आपल्या शरीराचा एक नकाशा मेंदूत असतो, दारातून जाताना, खुर्चीत बसताना आपण तो नकाशा बघून चालतो. वीस वर्षांत पक्का झालेला नकाशा वर्षभरात बदलत नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळ येते, तशी ही गेलेली चरबी, इंग्रजीत तिला 'फॅन्टम फॅट' असं नावच आहे. बहुतेकांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत ऑपरेशननंतर सुधारतंच, पण एकसारखं नाही, आणि लोंबणारी कातडी हे नाराजीचं मोठं कारण असतं. मी विचारलं, उपाय? म्हणाल्या, "काट्यावर कमी उभे राहा. मापं घ्या. कपडे मापाचे घाला. शर्टाच्या तंबूत राहिलात तर नकाशा तंबूचाच राहील."

तंबू बरोबर होतं. मी जुनेच शर्ट घालत होतो.

तर आता टेलर. शीतलामाता बाजाराच्या एका बोळात वर चढून जावं लागतं असं दुकान आहे, एक मशीन, एक मास्टर, पाटी नाही. माझ्या पँटी पहिल्यापासून तेच शिवतात, कारण ५२ ची कंबर रेडिमेडमध्ये मिळत नसे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उत्साहात चार नव्या पँटींचं कापड घेऊन गेलो होतो. त्यांनी ते परत पिशवीत घातलं. "अभी नहीं साब. अभी आप रुके नहीं हो." जुन्याच दोन पँटी आत घेऊन देतो म्हणाले, आणि कापड कापलं नाही, सगळं मार्जिन आत दुमडून ठेवलं. सर्जनने वजन कधी स्थिर होईल ते सांगितलं होतं, पण तोवर घालायचं काय याचा विचार या एकाच माणसाने केला.

मापांची त्यांची एक लांबट वही आहे, कापडी बांधणीची, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. मानसतज्ज्ञ बाईंकडून आल्यावर मी मुद्दाम गेलो. त्यांनी माझं पान उघडलं. कंबर ५२, त्यावर रेघ. खाली ४८, रेघ. ४४, रेघ. ४१, रेघ. मग कानावरची पेन्सिल काढून, टेप फिरवून, ३८ लिहिलं. हॉस्पिटलचे चकचकीत रिपोर्ट, तो ताणलेल्या पँटीचा फोटो, आरसा, कशावरच माझा विश्वास बसत नव्हता. त्या पानावर बसला. एकाच माणसाचं अक्षर, एकाच पेन्सिलीचं, आणि त्या माणसाला मला खूश करायचं काही कारण नव्हतं. टेप कातडीवर घट्ट ओढताना ते फक्त एवढंच म्हणाले, "इधर ढीला है, इधर थोडा दबाके रखूंगा, बैठोगे तो दिखेगा नहीं." कातडीबद्दल माझ्याशी इतकं सरळ अजून कोणी बोललं नव्हतं.

वजन उतरवणाऱ्या नवीन इंजेक्शनांबद्दल मला हल्ली रोज कोणीतरी विचारतं. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोवी, आता ऑपरेशन कशाला, वगैरे. ते डॉक्टरला विचारा. माझं सांगणं एवढंच, वजन कशानेही उतरवा, टेलर आधी बघून ठेवा.

आता बकासुर. आमच्या मंडळात गणपतीत मुलांसाठी पौराणिक नाटुकली असते, आणि सोळा वर्षं बकासुर मीच. गाडाभर भात खाऊन ढेकर देतो तिथे टाळ्या ठरलेल्या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत आमचा दिग्दर्शक, दिवसा वीज कंपनीत असतो, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू यंदा प्रॉम्प्टिंग कर." बकासुर एका तरण्या पोराला दिला, त्याने उशी बांधली, ती भर प्रवेशात गुडघ्यावर उतरली. मी विंगेतून त्याचे संवाद सांगत होतो. ते दहा दिवस मला आठवायचेसुद्धा नाहीत.

यंदा मी आपणहून म्हणालो, करतो. मास्टरांकडे गेलो. पोट शिवून द्या. त्यांनी जरासुद्धा न हसता विचारलं, केवढं? मी म्हटलं, वहीत आहे की. त्यांनी पान उघडलं आणि ५२ वर बोट ठेवलं. मांजरपाटाचं अस्तर, आत कापूस, पाठीवर नाड्या, खांद्यावरून पट्टे म्हणजे घसरायला नको. बसताना घडी पडावी म्हणून मध्ये एक शिवणही घातली. त्या माणसाला माझं पोट माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

प्रयोगाच्या दिवशी ते बांधून ग्रीनरूमच्या आरशापुढे उभा राहिलो आणि दीड वर्षाने मला आरशातला माणूस ओळखू आला. बायको मागे उभी होती, तिने पोटावर थाप मारली आणि काही बोलली नाही. तिसरी घंटा झाली. मी विंगेच्या अरुंद दरवाजाशी गेलो, नेहमीसारखा आडवा झालो, श्वास आत घेतला. या वेळी खरंच घासून गेलो.

ढेकरेला टाळ्या आल्या. पोट आता माळ्यावर आहे, मशीन होतं त्या जागी. शिलाई २८० रुपये, कापूस वेगळा.